पाठीकडच्या टाचण्या

रविवार, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे, तू रागावलेली आहेस, म्हणजे दोघांचंही नेहमीसारखंच चाललंय.

पण माप मी चुकवलं हे तू आता परत म्हणू नकोस. फोनवर तेच, दाजींच्या निरोपातही तेच. "तुझ्या ड्रेसपायी पोरीने जेवण टाकलं." अगं, मापं तूच कळवलीस, मी तशीच दुकानात सांगितली. खांद्यात बसला, कमरेत बसला, हेही तूच म्हणालीस. मग चुकलं कुठे?

पत्र लिहितोय कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. शाळेशी माझं कधी जमलं नाही, तेव्हा अक्षर जुळवून घे.

नोकरी टिकून आहे. हसू नकोस. पायाला भिंगरी म्हणतेस, पण या कपड्यांच्या दुकानात माझं बस्तान बसलंय. आधी गोदामात गठ्ठे उचलायचो, आता काचेतल्या पुतळ्यांना कपडे घालतो. मालक म्हणतो, "तुझा हात हलका आहे. डोकंही हलकंच आहे, पण पगार मी हाताचा देतो." पुतळ्याचा हात आधी उपटायचा, बाही चढवायची, मग हात परत बसवायचा. सुरुवातीला मी एकीचा डावा हात उजवीकडे बसवला होता. बिचारी अर्धा दिवस तशीच उभी. गिऱ्हाईक काही बोललं नाही.

तुझ्या ठकीने मागितलेला ड्रेस त्याच काचेतला. मीच फोटो पाठवला होता. निळा, कमरेला झोळ नाही, कुठे सुरकुती नाही. ताई, कपडा तसा पुतळ्यालाही बसत नाही. जादा कापड मागे ओढून मी टाचण्या टोचतो. समोरून सगळं सुबक, भिंतीकडची पाठ साळिंदरासारखी. माझं रोजचंच काम, त्यामुळे फोटोसोबत हे सांगायचं सुचलंच नाही. पोरीने ड्रेस घातला, एकदा आरशात बघितलं, एकदा फोटोत. तिला वाटलं, ड्रेस बरोबर आहे, आपणच चुकलोय.

तुला कसं माहीत, असं विचारशील. तिने मला फोन केला होता. शाळेच्या जिन्यात तिला अंधारी आली होती. तुला सांगितलेलं नाही. तिचा डबा मैत्रिणी संपवतात, तेही नाही. मी विचारलं, "आईला सांगू?" म्हणाली, "सांग. पण आधी तिला खाली बसव, मग सांग."

म्हणून म्हणतो, बस. पत्र पुरतं वाच, तोवर तिला हाक मारू नकोस.

तिच्या फोननंतर मी लगेच पुतळ्याच्या पाठीचा फोटो पाठवला. ती हसली. "मामा, हिला तर उताणं झोपताही येणार नाही." मला वाटलं, झालं काम, फत्ते. दुसऱ्या दिवशी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, नाही. टाचण्या तिला समजल्या, पण घास काही उतरेना. तिला भीती वाटते, ताई, घासाचीच. तू थेरं म्हणतेस ती थेरं नाहीत.

आमच्या गल्ल्यावरच्या बाईंची बहीण याच वाटेने गेली होती. आता ठणठणीत आहे, पण वेळ फार गेला. बाई म्हणाल्या, लवकर दाखवा. ठकी डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार आहे. अट एकच, विचारतील ते तिलाच सांगू दे, तू मधेच उत्तरं देऊ नकोस.

आता जे लिहायचं टाळत इथवर आलो ते लिहितो. मी तिला विचारलं होतं, घरात कुणी काही बोलतं का तुला? म्हणाली, "मला कोण बोलणार? आई स्वतःलाच बोलते. रात्री जेवत नाही. आरशासमोर पोट आत ओढते आणि म्हणते, काय हे ध्यान. आणि मामा, सगळे म्हणतात मी आईवर गेलेय."



आपली आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा त्याच ध्यानाच्या कडेवर मी वाढलो. ज्या पोटाला नावं ठेवतेस त्याला टेकून झोपायचो. त्याच्याइतकी उबदार जागा मला अजून कुठे सापडली नाही, आणि जागा मी थोड्या फिरलेलो नाही.

आज रात्री ताट घेऊन तिच्या शेजारी बस. तिला जेव म्हणू नकोस. तू जेव. तिच्या ताटाकडे बघू नकोस, वरच्या मजल्यावरच्या भांडणाच्या गोष्टी सांग, तुला त्या छान येतात. काल तिने आपणहून कळवलं, थोडा भात खाल्ला, वरून एक केळं. "आईला सांगू नकोस, ती टाळ्या वाजवेल." तेव्हा टाळ्या वाजवू नकोस.

फोन कर. या वेळी मीच तुला पूर्ण बोलू देतो.

तुझ्या कडेवरचा,
धाकटा

ता. क. पैसे पाठवतोय. ड्रेससाठी नाहीत. आधी डॉक्टरीणबाईंची फी, आणि उरतील त्यात तुम्ही दोघी ठकी म्हणेल तिथे बसून जेवा. दोघी म्हणजे दोघी. साडेचार हजार.