ठिपकीचा कासरा

३ नोव्हेंबर

तळहाताची सालं निघाली. ठिपकीने आज तीनदा आडवं पाडलं मला. चार महिन्यांची कालवड आणि ताकद रेड्याची! तोंडावर म्होरकी चढवली की पाय रोवून उभी. ओढून उपयोग नाही, आपण ओढलं की तीही ओढते. कासरा ताणून धरायचा आणि गप्प उभं राहायचं. तिने एक पाऊल पुढे टाकलं, की त्याच क्षणी सैल. चाललं की सुटका - एवढंच तिला कळायला हवं.

बाबा दारातून ओरडले, "अगं, दोन रट्टे दे, पळेल!" दिले नाहीत.

९ नोव्हेंबर

सतरा पावलं. सलग!

१६ नोव्हेंबर

गोठ्याला दोन फेऱ्या, एकदाही न थांबता. वहिनी बादली घेऊन जाता जाता म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावालाही असं वळण लावा की!" म्हटलं, "त्याच्या मापाची म्होरकी मिळत नाही."

जनावरांच्या प्रदर्शनाला बारा दिवस. मोठ्या डेअरीचा मॅनेजर येणार आहे. त्यांना वासरं शिकवणारं माणूस हवंय, राहायला खोली देणार. रिंगणात कोण जनावर कसं चालवतं ते बघून ठरवणार म्हणे. खोली! या घरात माझी म्हणावी अशी एक खुंटी आहे. वय एकेचाळीस.

१९ नोव्हेंबर

जेवताना बाबा म्हणाले, "रिंगणात कालवड दादा धरेल. चार लोकांत बाईमाणूस दोर धरून फिरणार, बरं दिसत नाही."

गोठ्यात पहाटे पाचला बरं दिसतं. शेणात पडलेलं बरं दिसतं!

आणि दादा? ताटात बघत बसला. मग म्हणाला, "मीठ दे जरा." मीठ! एवढा मोठा घोडा झाला, बापापुढे एक शब्द फुटत नाही तोंडातून. की फोडायचाच नाहीये? मॅनेजरबद्दल त्यालाही माहीत आहे.

२० नोव्हेंबर

दिवसभर बादल्या आपटल्या.

२१ नोव्हेंबर

दादा शीळ घालत गोठ्यात आला. "काय गं, तोंड का फुगलंय?"

"काही नाही."

"झकास चालते हं कालवड."

झकास चालते! जशी आईच्या पोटातूनच शिकून आली. थापटायला गेला तेही चुकीच्या बाजूने. ती दचकली, हा हसला. माझं डोकं फिरलं.

२२ नोव्हेंबर

पहाटे ठिपकी पाण्याच्या टाकीपाशी थांबली. मी कासरा सैल सोडला. थांबली म्हणून. मुद्दाम.

तिने मान वळवून बघितलं. पुढे नेली, पुन्हा थांबली. पुन्हा सैल.

इथे लिहितेय, कारण कोणाला सांगण्यासारखं नाही. पाय रोवले की सुटका - आता हे शिकवतेय तिला. धरू दे दादाला! भर रिंगणात उभा राहू दे खांबासारखा. मॅनेजरच्या नाकासमोर. ओढ म्हणावं किती ओढतोस ते.

२४ नोव्हेंबर

हुशार आहे पोर. शिकवायला तीन आठवडे लागले, बिघडवायला तीन दिवस. गोठ्याबाहेर चार पावलं चालते आणि थांबते. कोणी उठायच्या आधीच मी तिला आत आणून बांधते.

वाईट वाटतं का? वाटतं, तिच्यासाठी. दादासाठी अजिबात नाही.

२६ नोव्हेंबर

प्रदर्शनाची यादी आली. ठिपकीपुढे, 'धरणार' या रकान्यात - माझं नाव.

दादा म्हणाला, "मग, माझं टाकू? अर्ज भरला तेव्हाच तुझं लिहिलं होतं. त्या दिवशी जेवताना बाबांशी वाद घातला असता तर त्यांनी जाऊन खोडलं असतं. आता छापून आलंय, बसा म्हणावं."

संध्याकाळी ठिपकीला बाहेर काढलं. चार पावलं चालली. मग पाय रोवले आणि माझ्याकडे बघत राहिली, कधी सैल सोडते म्हणून.

परवा प्रदर्शन.