दादाच्या प्रार्थनेत माझं आमेन

लातूर, शुक्रवार, संध्याकाळ

परवा चर्चमध्ये बोलायचंय : ख्रिस्ती माणसाचं शहाणपण कोणत्या सद्गुणात दिसतं? विवेक, धीर, नम्रता. तिन्हींना संस्कृत आधार काढून ठेवलेत. जन्मभर संस्कृत शिकवलं, आधारांची मला कधीच टंचाई नव्हती.

आणि दादा नांदेडच्या दवाखान्यात. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन. तीन महिन्यांपूर्वी घरच्या प्रार्थनासभेत तो एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करत होता. पोहे गार होत होते, म्हणून मीच मध्ये मोठ्यानं 'आमेन' म्हणून प्रार्थना संपवून टाकली. सगळे हसून बशांकडं वळले. दादा डोळे मिटून तसाच उभा. माझ्या नावापर्यंत तो पोचलाच नव्हता. तेव्हापासून अबोला.

आज फोन वहिनीनं उचलला. "भावजी, ते बोलायला न्हाईच म्हणून राहिलेत."

ते एक आमेन! सोमवारी तो उठलाच नाही तर?

माझी बायको मार्था म्हणाली, "नम्रतेवर बोलणार म्हणे! लई झालं. आधी नांदेडची गाडी धरा."

पाळकांना कळवलं, दुसरा वक्ता बघा. शहाणपण कशात असतं, मला ठाऊक नाही. उद्या पहिल्या एसटीनं निघतो. दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं, तर त्याच्या पाठीशी बोलेन. प्रभो, त्यानं क्षमा नाही केली तरी चालेल, पण त्याला उठव.