बिनलग्नाचे आधी

तीर्थपुरी
मंगळवार, २१ डिसेंबर १९७१

प्रिय बेबीनंदाअक्का,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे खुशाल आहोत. सरहद्दीवरून भाऊजींचं पत्र आलं, ते धडधाकट आहेत, हे तुझ्या कार्डावर वाचलं आणि आबांनी सगळ्या गल्लीला गूळ वाटला. युद्ध थांबल्याच्या दिवशीही एवढा वाटला नव्हता. आता मंठ्याच्या पोस्टमनला रोज अडवायचं सोड. बिचाऱ्यानं रस्ता बदलला असेल.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू रागावशील, म्हणून आधी इथली मजा सांगते.

युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात रामराव पुढाऱ्यानं सभा घेतली. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "सक्तीची भरती पाह्यजे! घरटी एक जवान! बिनलग्नाचे आधी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आपले आबा एवढे मिलिट्रीतून पेन्शनीत आलेले, पण त्यांना ते पटेना. भर सभेत उठून म्हणाले, "रामराव, माझ्या बापाला जात विचारून भरतीच्या दारातून हाकललं व्हतं. पुढं भांडून आम्ही आत गेलो. जे हक्कानं घेतलं, ते जबरदस्तीनं कुणाच्या गळ्यात घालू नका. ज्याला जायचं तो आपल्या पायानं जाईल."

"मंग कुणीच न्हाई गेलं तर? देश काय मर्जीवर चालतो का?"

"जबरदस्तीनं नेलेला माणूस शेजारच्याची पाठ राखंल का, ते सांगा आधी!"

अशी जुंपली की कुणी उठायलाच तयार नाही. पण अक्का, गावानं ना आबांचं घेतलं, ना रामरावाचं. घेतलं ते फक्त 'बिनलग्नाचे आधी'. दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट दिल्लीचा हुकूम झाला होता!

मग काय विचारतेस! पौष लागायच्या आत पोरं उजवायची एकच घाई. बँडवाले मिळेनात, आचारी मिळेनात. उषाबाईच्या उमाला बघून सगळे 'कळवतो' म्हणून गेले होते ना? तिच्या दारात एकाच सकाळी तीन वरबाप. उषाबाई ओट्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "रांगेनं या."

आणि पहिला मांडव कुणाचा पडला असेल? रामरावाच्या गजाननचा! आबा मुद्दाम जेवायला गेले. पंगतीत रामराव वाढायला आला, तर आबा हळूच म्हणाले, "घरटी एक म्हणाल्ते ना?" रामरावानं त्यांच्या पानात आणखी दोन जिलब्या टाकल्या. "आधी जेवा, पुंजाराम. जेवताना बोलू न्हाई."

आपल्याही दारी एक जण आले. परतूरचे तातेराव. दिवाळीत मुलगा घेऊन मला बघायला आले होते, तेच. मी मुलाला 'तुम्ही काय वाचता?' विचारलं, तर 'पोरगी लई सवाल करती' असा निरोप आला होता. आता पेढे आणले, साडी आणली, लग्न लावायला बौद्धाचार्यही आणले. घाईत नवरदेव तेवढा आणायचा राहिला.

"पौषाआधी उरकून टाकू," तातेराव म्हणाले.

"आपल्याला कवापासून पौष लागला, तातेराव?" आबा म्हणाले, आणि बौद्धाचार्यांनाच हसू फुटलं.

मी मात्र बोललेच. म्हटलं, "मामा, मी काय तुमच्या मुलाची लपायची जागा हाये का?" ते पेढे तसेच ठेवून निघून गेले. मी शाळेत जाऊन वर्गाला तिसापर्यंत पाढे लिहायला लावले. का, ते विचारू नको.

बाकी तूर चांगली आहे. शेळीला दोन करडं झाली, एक अगदी रामरावासारखं ओरडतं. आबांचा खोकला बरा आहे.

बरं, लिहितेच.

परवा रविवारी तो आला. तातेरावांचा शिवाजी. परतूरहून सायकल मारत, धुळीनं पांढरा झालेला. आबांपुढे उभाच राहिला, बसेना.

"बाबा इथं आल्ते ते मला नंतर कळलं. मी तवा औरंगाबादला गेल्तो, भरतीला. घेतलं मला. पुढच्या महिन्यात सागरच्या छावणीत ट्रेनिंगला जायचंय." मग माझ्याकडे वळला. "आता लग्न केलं तरी माझी भरती टळत न्हाई. तवा आता विचारलं तर चालंल का?"

तोच पुढे म्हणाला, "दिवाळीत तुम्ही विचारलं, काय वाचता. तवा काहीच वाचत नव्हतो. आता वाचून राह्यलो."

आबांचा चहाचा कप खाली टेकायच्या आत मी हो म्हटलं, अक्का. आबा उठले आणि त्या पोराला कडक सलाम ठोकला. त्याला उलटा सलाम कसा करतात तेही येत नव्हतं!

आणि आता तुझं. भाऊजींना गाडीत बसवून आलो त्या दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, 'काय बी कर, पण मिलिट्रीवाला करू नको.' मी तुला शब्द दिला होता. तो मोडला. या महिन्यात भाऊजींच्या काळजीनं तुझं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी मोडला. भीती वाटते गं. पण आनंद एवढा झालाय की भीतीला बसायला जागाच उरलेली नाही.

लग्न २ जानेवारीला, रविवारी. भर पौषात! बँडवाला रिकामाच आहे, आनंदानं येतो म्हणाला. तू रागाव, भांड, दोन धपाटे घाल, पण ये. सगळे असतील, पण तू मांडवात दिसल्याशिवाय मी हार उचलणार नाही. आणि तो गेल्यावर पोस्टमनला कसं अडवायचं, ते मला तुझ्याशिवाय कोण शिकवणार?

तुझ्याच वाटेनं निघालेली,
तुझी
सत्यशीला