दादाला कोणतं धनुष्य सांगू?

गुरुवार, संध्याकाळ

दादा आज थेट मैदानावरच आला. मी पोरींना तिरंदाजी शिकवत होते. परवा उसाच्या कडेला रानडुकरानं वहिनीची मांडी फाडली, तेव्हापासून तो धड जेवलेला नाही.

"एवढंच सांग, कोणच्या धनुष्यानं डुक्कर मरंल?"

शिकार गुन्हा आहे, म्हटलं. "वनखात्याला वरीसभर अर्ज देऊन थकलो," म्हणाला.

आधी त्यानं रिकर्व्ह उचललं, कॅलेंडरातल्या रामाच्या हातात असतं तसं दिसतं म्हणून. दोरी ओढली आणि हात लटलट कापायला लागला. मग टोकांना चाकं असलेलं कंपाऊंड धनुष्य घेतलं. त्याची दोरी पुरती ओढली की हलकी होते. दादाचा हात थांबला. तो थांबलेला हात अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कंपाऊंड म्हणावं, तर डुक्कर मारून हा तुरुंगात जाईल. रिकर्व्ह म्हणावं, तर डुक्कर नुसतं जखमी होऊन याच्यावरच उलटेल. काय सांगायचं मी?

"दोन्ही नको," म्हणाले.

तो माझ्या हातांकडं बघत राहिला. "मग तूच चल. तुझा नेम चुकत न्हाई."

नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं. आणि विचारलं काय, तर डुकरं उसातून कोणत्या अंगानं निघतात.