भूमिआजोबांचं अळणी ताट

लाम्पांग, ३ जून

चि. रम्पाय हिस ताई बुआसीचे अनेक आशीर्वाद.

तुझा खनून मजेत आहे असं लिहिलं तर खोटं होईल. तू सांगून गेलीस तसंच करते : दोन्ही वेळा अळणी भात, उकडलेली कोंबडी, हृदयाची गोळी भोपळ्यात लपवून. माशाच्या खारवणीचा थेंबही नाही. दुपारी तो झोपला की घड्याळ घेऊन बसते आणि मिनिटाचे श्वास वहीत मांडते. आला त्या दिवशी सव्वीस, काल बेचाळीस! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कुणीतरी मीठ चारतंय. असंच चाललं तर महिनाभरही काढणार नाही. तुझ्या दाजींना विचारलं, तर म्हणतात, माझंच मला पुरत नाही, त्या टीचभर कुत्र्याला कुठून घालू?

एक मात्र छान झालंय. अंगणातल्या देव्हाऱ्यापुढे आपल्या जागेच्या राखणदाराला, भूमिआजोबांना, रोज खारं अंडं नि सुकी मासळी ठेवते ना, ते ताट हल्ली दुपारच्या आत लख्ख होतं. चाळीस वर्षांत आजोबा असे प्रसन्न झाले नव्हते. खनूनसाठी त्यांनाच साकडं घातलंय, आणि एक अंडं वाढवलंय.

भाचीला जप. पत्राची वाट पाहते.

तुझी ताई


चिआंग माई, ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आता तुझ्या पत्राकडे वळते. हसावं की रडावं कळेना. ताई, चाळीस वर्षं शीतही न उचलणारे आजोबा नेमके खनून आल्यावर जेवायला लागले? त्याच्या मिशा हुंगून बघ!

हे गेल्यापासून दार उघडलं की पुढे येतो तो तेवढाच. बाळाचा महिना भरेपर्यंत मला हलता येत नाही. तोवर त्याला माझ्यासाठी राख गं.

दाजींना नमस्कार. मोठेपणानं धाकटीला रागावू नये.

तुझी रम्पाय


लाम्पांग, १७ जून

चि. रम्पाय हिस आशीर्वाद.

मिशांना मासळीचा वास आला. जास्वंदीआड लपून पाहिलं. उदबत्ती अर्धीही जळली नव्हती, म्हणजे आजोबा पानावरच होते, आणि हा चोर चौरंगावर! बांधून ठेवलं तर ओढून ओढून खोकला, जीभ निळी पडली. कोंडलं तरी तेच. देव्हारा विधीवाचून हलवता येत नाही, आणि नैवेद्य चुकवायचा तर बाबांनी पुरातही चुकवला नव्हता. तुझे दाजी म्हणाले, आजोबांनाही अळणीच दे, त्या वयात ब्लड प्रेशर असणारच. मेलं, देवाची थट्टा!

पण दुसरं काही सुचेना. शेवटी नऊ उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि सरळ सांगितलं, की आजोबा, तुम्हांला मरण नाही, त्याला आहे. तो आहे तोवर अळणी खा. काय राग काढायचा तो माझ्यावर काढा.

आता दोघांचं एकाच पातेल्यात शिजतं. श्वास पस्तीसवर आले, मग एकतीस, काल सत्तावीस.

पण परवा छपराचं एक कौल सुटून माझ्या पायाशी फुटलं. तुझे दाजी म्हणतात, मांजर. मला ठाऊक आहे कोण ते. तू काळजी करू नकोस. छपरावर अजून पुष्कळ कौलं आहेत.

बाळाची दृष्ट काढ. आहे ती माया असू दे.

तुझी ताई