गुरुजींची बाज ओसरीवर

साखरखेर्डा
ता. १६ जानेवारी १९६८

प्रिय आशा हिला पुष्पाचा सप्रेम नमस्कार,

आम्ही सर्व इकडे बरे आहोत, तुम्ही मायलेकी तिकडे बऱ्या असाल अशी आशा करते (तुझ्या नावावर कोटी करायची नव्हती, आपोआप झाली). काकूंचा दमा थंडीत उसळतो हे मला आठवतं, त्यांना पहाटे अंगणात सडा टाकू देऊ नकोस. शाळेत असताना तू झुरळ पाहून बाकावर चढायचीस आणि आता मेहकरच्या दवाखान्यात भले भले पहिलवान तुझी सुई पाहून डोळे मिटतात, असं माझा भाऊ सांगत होता. ऐकून फार बरं वाटलं. सोबत तिळगूळ पाठवते आहे. वाटेत फुटला तर तसाच खा.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही म्हणून रागावली असशील. लिहायला बसायची, पण काय लिहावं तेच कळेना. लग्नाला आता दोन वर्षं होतील. आमचे हे शाळेत मास्तर आहेत आणि त्यांचं नाव निवृत्ती आहे, हे तुला पत्रिकेवरून माहीत आहेच (तोंडाने घेता येत नाही, लिहिताना कोण बघतं. आणि माणसाला नाव इतकं चपखल बसलेलं मी दुसरं पाहिलं नाही). स्वभाव म्हणशील तर लाखात एक. कधी आवाज चढवत नाहीत, जेवलेलं ताट स्वतः उचलतात, बाजारातून माझ्यासाठी न सांगता गजरा आणतात आणि तो माझ्या हातात न देता पाण्याच्या मडक्यावर ठेवून निघून जातात. संध्याकाळी मी चुलीपाशी बसून त्यांच्या वहाणांची वाट बघते. डाव्या वहाणेचा अंगठा सैल आहे, म्हणून एक पाऊल दबकं आणि एक फटक असं वाजतं. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की माझी तव्यावरची भाकरी हमखास करपते. मग हे आत येतात, बोटांना खडू लागलेला असतो. जेवतात, मला वर्तमानपत्रातली एखादी बातमी समजावून सांगतात (परवा व्हिएतनाम कुठे आहे ते सांगितलं), आणि गोधडी काखेत मारून ओसरीवर जातात. तिथे त्यांची बाज आहे. लग्न झालं तेव्हा उन्हाळा होता, मला वाटलं उकडत असेल. पावसाळ्यात बाज भिंतीकडे सरकली. थंडीत त्यांनी दुसरी गोधडी मागून घेतली, पण बाज उंबरा ओलांडून आत आली नाही. मी दाराच्या आत, हे दाराच्या बाहेर. त्यांचा खोकला मला ऐकू येतो, माझ्या बांगड्या त्यांना ऐकू येत असतील. व्हिएतनामदेखील मला यापेक्षा जवळ वाटायला लागलं होतं.

एकदा धीर करून विचारलं, मी तुम्हाला आवडत नाही का. तर त्यांचा चेहरा इतका पडला, की मीच त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी खडू घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर दिव्याचं चित्र काढून मला समजावलं. हे वसतिगृहात शिकत होते तेव्हा तिथे दरवर्षी एक वक्ते यायचे. मोठ्या मुलांना दिवाणखान्यात बसवून ते फळ्यावर असाच दिवा काढत. पुरुष म्हणजे दिवा, त्याची शक्ती म्हणजे तेल, तेल सांडलं की दिवा विझला. एवढंच. परस्त्री मातेसमान, गार पाण्याने आंघोळ, कांदा वर्ज्य. पुढचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणत, लग्नानंतरचं लग्नानंतर बघू. आमच्या ह्यांनी ते मनापासून मानलं. लग्न झालं, पण लग्नानंतरचं सांगायला ते वक्ते काही आले नाहीत. दरम्यान दिवा जपायचा हा धडा पाठच होता. (कांदा मात्र ह्यांनी मागल्या वर्षी सुरू केला, तेव्हा मला उगाच आशा वाटली होती.)

आता माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), यांची बाजू ऐक. त्यांना या दिव्याची काहीच कल्पना नव्हती. त्यांना दिसत होतं ते एवढंच की सून येऊन दोन वर्षं झाली आणि पाळणा हलत नाही. मग काय, मला कुठल्या झाडाची साल, कुठल्या वैदूची मुळी, रोज सकाळी वाटीभर काढा. तो इतका कडू असायचा, की दुपारपर्यंत मला गूळही कडू लागायचा. मी एकदा म्हटलंही, "आत्याबाई, जरा लेकाले बी इचारा." तर त्यांनी बोलणंच टाकलं. पुढे कानावर आलं की वरवट बकालच्या त्यांच्या एका नात्यातल्या मुलीचा विचार चालू आहे. सरकारी नोकरीवाल्याला दुसरी बायको करता येत नाही हे मला माहीत होतं, पण मला माहेरी पाठवायला कुठला कायदा लागतो. त्या आठवड्यात मी रोज ट्रंक उघडायची, लुगड्यांच्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. ह्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला नकाशात वरवट बकाल दाखवलं असतं.

आणि मग गावात कुटुंब नियोजनाचं शिबिर आलं. लाल त्रिकोणाचा फलक शाळेच्या भिंतीला टांगला, तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी गावात चौकशी केली, तेव्हा कोणीतरी सांगितलं की गुरुजींच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि अजून मूल नाही. साहेबांना वाटलं, हेच ते आदर्श जोडपं. त्यांनी ह्यांना भाषण करायला सांगितलं. ह्यांनी आठवडाभर तयारी केली. शाळेच्या मैदानात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मी आणि आत्याबाई पुढच्याच सतरंजीवर. ह्यांनी फार सुंदर सुरुवात केली, मला अभिमान वाटत होता, आणि तेवढ्यात ते म्हणाले की संयम हाच खरा उपाय, आणि मी हे नुसतं सांगत नाही, दोन वर्षं मी स्वतः पूर्ण संयम पाळला आहे, त्यात माझ्या पत्नीने मला मोलाची साथ दिली आहे.

आशा, मोलाची साथ. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी हसत गेले असते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. पुरुषांच्या बाजूने कडूबा उठले (आमच्या शेजारच्या वावराचे, सात लेकरांचे बाप, अतिशय सरळ माणूस). त्यांना थट्टा करायची नव्हती. त्यांनी टोपी काढून विचारलं, "गुरुजी, तुमचं सारं बरोबर हाय. पण मंग लगन काऊन केलं?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी पाहत होते, ते खरोखरच उत्तर शोधत होते. वर्गात एखादा प्रश्न अडला तर ते फळ्याकडे बघतात, तसे मागे वळून पाहिलं, पण मागे फक्त लाल त्रिकोण होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत एवढ्या माणसांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं, आणि इतकं एकटं कोणी मी कधी पाहिलेलं नाही. मला उठून त्यांच्यापाशी जावंसं वाटलं. पण आत्याबाई आधी उठल्या. पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागल्या.

आम्ही घरी पोचलो तेव्हा काढा चुलीवर होता. आत्याबाईंनी तो वाटीत ओतला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. "घे," म्हणाल्या, "पोरीनं साल दीड साल पेला. आता तू पे." ह्यांनी निमूट घेतला आणि पिऊन टाकला. मग आत्याबाई माझ्याजवळ बसल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला. ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "काऊन बाबा? पोरीत काय कमी हाय?"

तेव्हा ते बाहेर आलं. ह्यांचे वडील ऐन तिशीत गेले, हे लहान होते. वसतिगृहात त्यांनी त्या वक्त्यांना एकदा विचारलं होतं, माझे वडील इतक्या लवकर का गेले असतील. आणि त्या माणसाने काहीही माहीत नसताना मान हलवून सांगितलं होतं की तेल सांडलं असेल. आमचे हे इतकी वर्षं ते पोटात घेऊन हिंडत होते. आपल्या बापाचा मृत्यू आपल्या आईमुळे झाला असं समजत होते, आणि तसं समजतो म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. "मी गेलो तर हिले कोण हाय," एवढंच बोलले, माझ्याकडे न बघता.

आत्याबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुह्या बापाले पटकी झाली होती, बाबा. आर्ध्या गावाले झाली होती. सकाळी वावरात गेले, दुसऱ्या सकाळी नव्हते. तेल कायचं न् दिवा कायचा."

ह्यांनी उठून चुलीमागच्या भिंतीवरचा दिवा तळहाताने पुसून टाकला.

त्यानंतर वरवट बकालचं नाव कोणी काढलं नाही. परवा रविवारी जेवणं झाल्यावर आत्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की मी वावरात हुरड्याला चालले, दिवेलागणीशिवाय यायची नाही. त्या गेल्या. आणि हे उठले, ओसरीवर गेले आणि बाज उचलून आत आणू लागले. ती दारात अडकली. मी एक बाजू धरली, त्यांनी एक, तिरपी केली, आणि आली. आशा, तुला हसू येईल, पण बाज आत टेकली तरी मी तिचा खूर सोडला नव्हता. मी म्हटलं, "मले काही नको हो. तुमी घरात असा, इतकंच." ते म्हणाले, "मी बी तेच म्हणून राह्यलो."

असो. बाकी सर्व क्षेम. काकूंना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग.

तुझी,
पुष्पा

ता. क. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, चोळायला एखादं औषध असेल तर पाठव.

ता. क. दुसरं. मी ह्यांच्या अज्ञानाबद्दल एवढी पानं भरली, पण खरी गोष्ट अशी, की बाज आत आल्यावर आम्ही दोघं तिच्यावर बसलो, आणि हे अगदी मुख्याध्यापकांना विचारावं तसं म्हणाले, "आता?" आणि मला काय माहीत. त्यांना निदान दिवा तरी शिकवला होता. आपल्याला तर असा विषय निघाला की बाई विणकामाला बसवत, खाली मान घालून. मी पाच रुमाल विणलेत, तेवढंच माझं शिक्षण. मी चेहरा गंभीर ठेवून म्हटलं, मेहकरच्या आशाले विचारून सांगते. ते म्हणाले, बरं. मग दिवेलागणीपर्यंत त्यांनी माझा हात हातात धरला होता, खडूचा हात, आणि आम्ही शेंगा खाल्ल्या. मी हळूच आत्याबाईंनाही विचारून पाहिलं. चार लेकरांची आई, पण म्हणाल्या, "मले काय माहीत बाई, मले कोनं सांगतलं होतं." तेव्हा तू दवाखान्यात शिकलीस ते साध्या शब्दांत सांग, चित्रंबित्रं नकोत.

ता. क. तिसरं. कार्डावर लिहू नकोस, आमचा पोस्टमन सगळी कार्डं वाचतो. खरं म्हणजे लिहूच नकोस. पत्र यायला आठ दिवस लागतात, आणि संयम या घरात आधीच फार झाला आहे. शनिवारच्या मोटारीने तूच ये.