पूजेच्या वेळचं ऊन

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

नागाव, २० नोव्हेंबर २०२४

चि. देवदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुआला बंदरातल्या खलाशी-घराच्या फादरांनी त्याचा फोटो आश्लेषाच्या मोबाइलवर पाठवला. तिने मोठ्याने वाचलं. तुझ्या बहिणीला तुझं अक्षर लागत नाही. दादा डॉक्टर व्हायचा तो चुकून जहाजाचा इंजिनिअर झाला, असं म्हणते. जहाजावर फोन लागत नाही, म्हणून मीही पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे. आश्लेषा याचा फोटो फादरांना पाठवेल.

मालक जहाज टाकून बेपत्ता झाला, पगार नाही, डिझेल संपत आलं, हे ऐकून ह्यांनी जेवण अर्धं टाकलं. मी टाकलं नाही, अन्न आहे.

तू लिहिलंस की कॅमेरूनमधलं हे दुआला समुद्रावर नाही, नदीच्या पोटात आहे, गाळ सारखा उपसावा लागतो आणि तुम्ही पात्रात नांगरावर उभे आहात. म्हणजे माझ्या माहेरच्या रेवदंड्याच्या खाडीसारखंच की. तुमच्या तिकडच्याच क्रिबी बंदराला म्हणे खोल पाणी, जहाज थेट धक्क्याला लागतं. तिकडच्याच लिंबे गावच्या किनाऱ्याची वाळू काळी. मग काय, अलिबागचीही काळीच. ह्यांनी भिंतीवर नकाशा लावून दुआलावर टाचणी टोचली आहे. पाल येऊन नेमकी तिच्यावर बसते.

जहाजाला गिऱ्हाईक मिळालं की ते धक्क्याला बांधतील आणि तुम्हाला घरी सोडतील, हे वाक्य मी आश्लेषाकडून दोनदा वाचून घेतलं. तुझ्या हाताखालच्या विनेशला पुन्हा ताप आला असं म्हसळ्याहून त्याच्या आईने कळवलं. त्याला उकळलेलं पाणी देत जा.

आमच्यावर लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.

तुझी,
आई

क्रिबी, १५ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस देवदत्तचा साष्टांग नमस्कार.

बातमी चांगली आहे. आमचं जहाज दुआलाहून ओढून क्रिबीला आणलं आणि धक्क्याला बांधलं. पाणी निळं, तळ दिसावा इतकं स्वच्छ. गिऱ्हाईक बघून गेलं. महिना-दीड महिन्यात सुटका होईल असं सगळे म्हणतात. फादरांची माणसं इथेही आहेत, तेव्हा पत्रं त्यांच्याकडेच पाठव. विनेशला तापामुळे आधी सोडलं. तो भेटायला येईल, त्याला घावन घाल. मी मागोमाग येतोच.

बाबांना सांग, टाचणी हलवा.

पूजा चुकवलेली नाही. फुलं कुठली, तांदळाचे दोन दाणे वाहतो. तू दिलेली बल्लाळेश्वराची तसबीर खिडकीसमोर ठेवली आहे. मागच्या आठवड्यात सकाळच्या पूजेच्या वेळी ऊन बरोबर त्याच्या कपाळावर यायचं, पालीच्या देवळात येतं तसं. या आठवड्यात मात्र पूजेला काळोख, आणि ऊन येतं ते दिवस कलल्यावर. देवाची मर्जी.

आश्लेषाला सांग, हे पत्र सुवाच्य आहे. तुमची माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
देवदत्त

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

नागाव, ३ जानेवारी २०२५

चि. देवदत्त यास आशीर्वाद.

विनेश येऊन गेला. पोर काडीसारखं झालंय. दादा मजेत आहे, क्रिबीला आहे काकू, असं तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा घावनाकडे बघून. मी पुढे काही विचारलं नाही. ज्याला खोट्याची सवय नाही त्याला भरल्या ताटावर खोटं बोलायला लावू नये.

देवा, तू क्रिबीला नाहीस.

धक्क्याला दोरांनी बांधलेल्या जहाजाची खिडकी रोज त्याच दिशेला असते. सूर्य काही आठवड्यात घर बदलत नाही. फिरतंय ते तुझं जहाज. रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या भरतीला एकीकडे तोंड करतात, ओहोटीला दुसरीकडे, आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते, आठवड्याने भरतीच्या जागी ओहोटी येते. खाडीच्या काठी वाढलेल्या बाईला हे सांगायला शाळा लागत नाही. तू दुआलाच्या नदीतच आहेस, नांगरावर. मग मागे का राहिलास ते कळव. मी रागावणार नाही. रागावेनही, पण लिही.

ह्यांना बोलले नाही. त्यांनी टाचणी क्रिबीवर नेली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. आता तुझं खोटं मीही जपते आहे. संध्याकाळी दिवा लावताना देवाची क्षमा मागते.

यापुढे एवढंच कर. पूजेचं ऊन लिहीत जा. सलग दोन आठवडे ते जसंच्या तसं राहिलं, तर जहाज धक्क्याला लागलं असं मी समजेन. गोड बातमीवर माझा आता विश्वास नाही, उन्हावर आहे.

आईला फसवलंस तरी माया कमी होत नाही, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच फसवलंस.

तुझी,
आई

दुआला, १९ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस देवदत्तचा साष्टांग नमस्कार.

खरं आहे. जहाज माणसाविना नांगरावर सोडता येत नाही. तळात पाणी झिरपतं, पंप चालवायला इंजिनवाला लागतो. मी किंवा विनेश. तिसऱ्यांदा ताप चढला तेव्हा तो रात्रभर त्याच्या आईला हाका मारत होता. सकाळी लाँच आली, मी त्याला उचलून आत बसवलं. तुम्हाला खरं सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली होती, त्याला बोल लावू नकोस.

बाकी सगळे गेले. मी आहे आणि इथलाच एक म्हातारा पहारेकरी. मी त्याला प्रसादाची साखर देतो, तो मला नदीतला मासा देतो. चतुर्थीलाही दिला. खाल्ला. आता लिहायचंच ठरलंय तर हेही लिहितो.

गिऱ्हाईक कुणी आलेलं नाही. पुढच्या महिन्यात येईल असं फादर म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला ऊन नाही, म्हणून तू ते खरं धरू नकोस.

या आठवड्यात पूजेला काळोख आहे. एरवी पुढच्या आठवड्यात बल्लाळेश्वराच्या कपाळावर ऊन येईल या आशेवर मी दिवस काढायचो. आता तू म्हणतेस तसं, ते आलं म्हणजे जहाज अजून फिरतंय, तेव्हा न आलेलंच बरं. पूजेला बसलो की हात जोडले जातात. ऊन यावं म्हणू की येऊ नये म्हणू? काय मागायचं ते तूच कळव.

बाबांची टाचणी क्रिबीवरच राहू दे. तुझ्या रागासकट तुझी माया हवी आहे.

तुझा,
देवदत्त